तिसऱ्या मजल्याची हजेरी

१

आगीचा सराव झकास झाला असं कर्ण्यावरून जाहीर होऊन वीस मिनिटं झाली होती, आणि वनस्पतिसंग्रहात काम करणारा मेलिस हा तोकतोसुन आगायना, म्हणजे तोकतोसुन सरांना, पाठुंगळी घेऊन जिन्यावरून खाली आला.

अंगणात दोनशे माणसं गारठ्यात चहा पीत उभी होती. बर्फमिश्रित पावसाची भुरभुर नुकतीच थांबली होती. सरावासाठी सोडलेला धूर तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून निवांत बाहेर पडत होता आणि वर जायला आत्ता कुठे परवानगी मिळाली होती. मेलिस सगळ्यांच्या आधी वर पळाला होता. तो असा खाली येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्याच्या पाठीवरच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांची मान लटकत होती, डोकं उघडं होतं आणि ओठ निळे पडले होते.

"वनस्पतिसंग्रहाच्या खोलीत होते!" मेलिस धापा टाकत ओरडला. "दाराला बाहेरून कडी! अहो, बघत काय उभे राहिलात?"

अग्निशमन दलाचे जवान सामान आवरून निघायच्या बेतात होते. त्यांनी आगायना स्ट्रेचरवर घेतलं, नाकाला प्राणवायू लावला आणि गाडी दवाखान्याकडे पिटाळली. धूर सरावाचा असला तरी दमेकऱ्याच्या छातीला ते कोण सांगणार?

उपकुलगुरू शाबदान आगायनी तिथल्या तिथे हजेरीचा कागद मागवला. तिसरा मजला, एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस हजर, इमारत रिकामी. खाली सही नव्या अग्निप्रमुखांची, पेरिझातची.

"दामिरा एजे," ते वळून म्हणाले, "अपघातांची चौकशी अजून तुमच्याकडेच आहे ना?"

"तेवढीच उरली आहे, आगाय," दामिरा म्हणाली.

टोमणा उपकुलगुरूंना कळला, पण त्यांनी तो कानाआड केला. "उद्या दुपारी बारापर्यंत मला अहवाल द्या. आगायना काही झालं तर पोलिसांकडे जावं लागेल, आणि नाही झालं तरी ही सही करणाऱ्याला मी एक दिवस ठेवणार नाही. तुम्ही लिहाल ते मी पुढे पाठवीन."

दामिरा, सगळ्यांची एजे म्हणजे ताई, छप्पन्न वर्षांची, बुटकी आणि जिभेने तिखट. एकोणीस वर्षं ती या विद्यापीठाची अग्निप्रमुख होती. गेल्या वसंतात ते पद पेरिझातला दिलं गेलं. का, तर तिने राजधानीत दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम केला होता आणि तिच्याकडे शिक्क्याचं प्रमाणपत्र होतं. एकतीस वर्षांची, पॉपलरच्या झाडासारखी उंच, वनस्पतिशास्त्र शिकवणारी पोरगी. अग्निप्रमुखाचं नारिंगी जाकीट दामिराच्या गुडघ्यापर्यंत लोंबायचं, पेरिझातच्या अंगावर तेच शिंप्याकडून मापाने शिवून आणल्यासारखं बसलं होतं. दामिराला बाकी सगळं एक वेळ चाललं असतं, पण ते जाकीट तिच्या अंगावर बघवत नव्हतं.

आता तीच पेरिझात अंगणाच्या मधोमध पांढरीफटक पडून उभी होती, आणि सुंठीवाचून खोकला गेला असं दामिराच्या मनात आलंच. माणूस मरणाच्या दारात असताना दामिराला जे पहिल्यांदा वाटलं ते भय नव्हतं. आनंद होता.

२

"मी सगळ्या खोल्या पाहिल्या हो, एजे!" बुरुल रडकुंडीला आली होती.

बुरुल तिसऱ्या मजल्याची मजलाप्रमुख. कार्यालयात लिखापढी करणारी, बेचाळीस वर्षांची, डोक्याला कायम रुमाल बांधलेली. तोकतोसुन आगाय तिचे थोरले दीर. नवरा दूर खाणीवर कामाला, त्यामुळे दिरांचा चहा-नाश्ताही तीच बघायची.

"सगळ्या? मग ती एक कशी राहिली?"

"त्या दारावर आधीच फुली होती."

पद्धत अशी होती: घंटा वाजली की मजलाप्रमुखाने एकेक खोली आत जाऊन बघायची, दार ओढून घ्यायचं आणि त्यावर खडूने फुली मारायची. फुली म्हणजे खोली रिकामी. फुलीच्या दाराकडे मग कुणीही वळायचं नाही, वेळ वाया जातो. ही पद्धत दामिरानेच घालून दिली होती.

"तू फुली मारली नव्हतीस, तर कुणी मारली हे विचारावंसं वाटलं नाही तुला?"

"मला वाटलं पेरिझातने मारली असेल. ती मधूनच येते मदतीला. धूर वाढत होता, एजे. डोळ्यांतून पाणी येत होतं."

दोघी वर गेल्या. धुराचा वास अजून रेंगाळत होता. वनस्पतिसंग्रहाच्या दारावर फुली होती, ठळक, आणि चांगली उंचावर. दामिराने बुरुलला दाराला पाठ लावून उभं केलं. तिचा रुमाल बांधलेला माथा फुलीच्या वीतभर खाली राहिला.

"बाकीच्या दारांवरच्या फुल्या बघ," दामिरा म्हणाली. "तुझ्या नाकासमोर आहेत. ही कुणा उंच माणसाची."

तिसऱ्या मजल्यावर उंच म्हणावीत अशी दोनच माणसं होती, पेरिझात आणि मेलिस. त्यातल्या मेलिसने तर म्हाताऱ्याचा जीव वाचवला होता. दामिराने खिशातून कुरुत काढून तोंडात टाकला. वाळवलेल्या दह्याचा तो आंबट गोळा तिला विचार करायला लागायचा. आज तो गोडसुद्धा लागला.

"आणि हजेरीच्या वेळी? तेव्हा थोरले दिसले तुला?"

"दिसले ना! पॉपलरखाली, नेहमीच्या जागी. रांगेपासून लांब, एकटे. डोक्यावर पांढरा कलपाक, अंगात काळा चपान. मी स्वतः पाहिलं आणि खूण केली."

दामिरा चमकून थांबली. कडी लावलेल्या खोलीत ज्याचा श्वास कोंडत होता, तो त्याच वेळी अंगणात झाडाखाली उभा होता?

३

आगायांचा कलपाक आणि चपान, तो लांब काळा डगला, दाराबाहेरच्या खुंटीवर होते. दवाखान्यात पाठवावेत म्हणून दामिराने कलपाक उचलला, आणि तो तिच्या हातात जड लागला. लोकरीच्या नमद्याची ती उंच पांढरी टोपी पाणी पिऊन बसली होती. ओल्या मेंढीचा वास येत होता. चपानाचे खांदेही ओलेच होते. वर छत कोरडं होतं, जवळपास खिडकी नव्हती.

खोलीत कोंडलेल्या माणसाचा कलपाक बाहेरची भुरभुर खाऊन आला होता. म्हणजे तो दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर होता. दामिराला किळस आली. माणूस एक वेळ आपला घोडा उसना देईल, पण कलपाक देत नाही. वडीलधाऱ्याचा कलपाक त्याला न विचारता डोक्यावर चढवायचा, याला मनात केवढं विष लागत असेल!

पेरिझात तिच्या खोलीत बसली होती. जाकीट काढून, नीट घडी घालून टेबलावर ठेवलेलं. रडून डोळे सुजले होते आणि तरी ती सुंदर दिसत होती, हे दामिराला जरा जास्तच वाटलं.

"बोल, पोरी. हजेरीच्या वेळी कुठे होतीस?"

"पायऱ्यांवर, कर्णा घेऊन. पहिल्यापासून शेवटपर्यंत. सगळ्यांनी पाहिलंय मला."

पाहिलं होतं खरं. दामिराने फाटकाशी उभं राहून स्वतः पाहिलं होतं, अगदी डोळ्यांत तेल घालून, काही चुकतंय का ते. पायऱ्यांवर कर्णा घेऊन उभी असलेली बाई त्याच वेळी पॉपलरखाली कलपाक घालून उभी राहू शकत नाही. दामिराचा चेहरा उतरला. मनाने कधीच शिक्षा ठोठावलेला आरोपी हातातून निसटत होता.

"वरची फुली तू मारलीस?"

"नाही, एजे. मी घंटा झाल्यावर वर गेलेच नाही. अग्निप्रमुखाने जागा सोडायची नाही, असं तुमच्याच फायलीत लिहिलंय." पेरिझातने कपाटातून जाड फाइल काढली. दामिराने पद सोडताना सोपवलेली, चाळीस पानांची. पानापानावर रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. "मी ही पाठ केली आहे. कोण कुठे उभं राहील, कोण कुणाला नेईल, कुठला जिना कुणाचा. एक ओळ चुकवली नाही. मग असं कसं झालं? यात काही राहिलं होतं का?"

"फाइल पूर्ण होती," दामिरा पटकन म्हणाली.

पेरिझातने मान डोलावली. ही पोर टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती, आणि दामिराला ते टोमण्याहून वाईट लागलं.

"आगायांशी तुझं काही वाकडं?"

"वाकडं? शुक्रवारी ते मला संग्रहाची किल्ली देणार होते. चाळीस वर्षं त्यांनी जमवलेली झाडं, आता मी सांभाळायची. त्यांनी बुरुल एजेंना सांगितलं होतं, मेलिस आगायांना सांगितलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

४

मेलिस शिक्षकांच्या खोलीत नायक होऊन बसला होता. समोर तळलेल्या पिठाच्या बोर्सोकची परात, हातात चहाचा पेला, भोवती पाच-सहा जण. पाठुंगळीची गोष्ट बहुधा चौथ्यांदा चालली होती आणि दर वेळी जिन्याच्या पायऱ्या वाढत होत्या.

"या, एजे, या! बसा. तुमच्या वेळी असं काही घडलं नसतं, हे मी आत्ताच सांगत होतो यांना. अनुभव तो अनुभव. प्रमाणपत्र भिंतीला शोभतं."

दामिराच्या कानाला ते गोड लागलं. लागायचंच. सहा महिने तिला हेच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. तिने बाकीच्यांना बाहेर घालवलं आणि बोर्सोकचा तुकडा मोडला.

"तू तिथे कसा पोचलास इतक्या लवकर?"

"आगाय काम करताना कानातलं यंत्र काढून ठेवतात. शिट्टी वाजते म्हणे त्यात. मनात पाल चुकचुकली, म्हातारा घंटा न ऐकता आतच बसला असेल तर? म्हणून पळालो."

"पण पॉपलरखाली तर ते दिसत होते सगळ्यांना."

मेलिसचा पेला ओठांशी क्षणभर थांबला. "मी नव्हतं पाहिलं. मी रांगेत होतो."

"कुणाशेजारी?"

"आता काय सांगू! तोंडावर बर्फ मारत होतं, सगळे मान खाली घालून. माझी हाक ऐकली ना तुम्ही?"

ऐकली होती. सगळ्या अंगणाने ऐकली होती. बुरुलने वहीत डोकं घालून "मेलिस" म्हटल्यावर उत्तर आलं होतं, 'हजर! अजून भाजलो नाही!' आणि हशा पिकला होता.

"शुक्रवारी किल्ली पेरिझातला मिळायची होती म्हणे," दामिरा सहज म्हणाली.

"मिळू दे की! मला काय त्याचं?" मेलिस हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "बावीस वर्षं मी त्या कागदांवरची धूळ झटकली. आगायांबरोबर खिंडी चढलो, त्यांचं ओझं वाहिलं, त्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. आता ती झटकेल धूळ. तरुण आहे, उंच आहे, दिसायला बरी आहे. म्हाताऱ्यांना आवडतात अशा. तुम्हाला वेगळं काय सांगायचं, एजे? तुमचीही किल्ली तिलाच गेली की."

दामिराने तुकडा तोंडात घातला, पण तो गिळवेना. समोरचा माणूस तिच्याच मनातलं, तिच्याच शब्दांत बोलत होता. चोराची वाट चोराला ठाऊक म्हणतात, तशी तिला एकदम वाट दिसली.

५

दुपारी दामिरा आपल्या खोलीत दार लावून बसली. अहवालाचा कोरा कागद पुढे होता. सोपा मार्ग समोर उघडा पडला होता: सही पेरिझातची, जबाबदारी पेरिझातची. एक ओळ लिहिली की झालं. खोटंही नव्हतं ते.

पण हिशेब तिला सोडेना. ती उघड्या कानांनी हजेरी ऐकत होती. एकोणीस वर्षांची खोड म्हणून बोटांवर मोजतही होती. बुरुलने नावं पुकारली ती चाळीस. बोटं चाळिसावर थांबली होती आणि बुरुलने एक्केचाळीस जाहीर केले होते. दामिराने तेव्हा काय केलं? हात खिशात घातला आणि गप्प उभी राहिली.

कारण एक्केचाळिसावं नाव बुरुल कधीच पुकारणार नव्हती. सासरच्या थोरल्यांचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही. शहरातल्या पोरी आता हसतात याला, पण बुरुल वरच्या कुरणातल्या घरची. 'तोकतोसुन' हा शब्द तिच्या तोंडून लग्न झाल्यापासून कुणी ऐकलेला नव्हता. सरकारी कामातही ती 'आमचे थोरले' म्हणायची. त्यामुळे हजेरीत त्या नावाशी आली की ती मान वर करायची, पॉपलरकडे एक ओझरती नजर टाकायची, कारण दिराकडे टक लावून बघणंही बरं दिसत नाही, आणि वहीत खूण करायची.

म्हणून एकोणीस वर्षं दामिरा एक काम करत आली होती, जे कुठल्याही नियमात नव्हतं. बुरुलची हजेरी संपली की ती स्वतः फाटकावरून खणखणीत हाक मारायची, "तोकतोसुन आगाय!" मग म्हातारा काठी उंचावून म्हणायचा, "आहे बाई, आहे!" लोकांना ती गंमत वाटायची. तीच खरी हजेरी होती.

चाळीस पानांच्या फायलीत ती हाक नव्हती. दामिरा ती लिहायला विसरली नव्हती. लिहिताना तिची लेखणी तिथे थांबली होती, आणि तिच्या मनात आलं होतं, एवढी शहाणी आहे तर शोधू दे स्वतःच. राजधानीत वाढलेल्या पोरीला सुनेचं हे मौन कुठून कळणार? दामिराने हातचं राखून ठेवलं. आणि आज सकाळपर्यंत तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

आज हजेरीच्या वेळी तिला ती हाक मारता आली असती. ती जिभेच्या टोकावर आली होती. मारली असती तर पॉपलरखालच्या कलपाकाला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि सोंग जागच्या जागी उघडं पडलं असतं. वर आगायांची छाती वीस मिनिटं आधी मोकळी झाली असती.

तिने कोरा कागद बाजूला सारला. मग उठून तिने उपकुलगुरूंना निरोप पाठवला: उद्या सकाळी नऊ वाजता तिसऱ्या मजल्याची सगळी माणसं अंगणात हवीत. हजेरी पुन्हा होईल.

६

सकाळी आकाश निवळलं होतं. दवाखान्यातून निरोप आला होता की आगाय शुद्धीवर आले आहेत, पण कुणी कडी लावली ते त्यांना माहीत नाही. ते वाळलेल्या पानांत नाक खुपसून बसले होते. त्यांनी घंटाही ऐकली नव्हती.

"काल जिथे उभे होतात तिथे उभे राहा," दामिराने सांगितलं. "डावीकडे कोण होतं, उजवीकडे कोण होतं, आठवून. चुकीच्या जागी कुणी आलं तर शेजाऱ्याने हाकलावं."

थोडी ढकलाढकली, हसाहशी झाली. "तू नव्हतीस इथे, तू त्या शिंकणाऱ्याच्या पलीकडे होतीस." "अरे, माझ्या पायावर तूच पाय दिला होतास ना काल?" बघता बघता रांग लागली. दाटीवाटीच्या रांगेत प्रत्येकाला दोन शेजारी असतात, आणि गारठ्यात तर माणूस शेजाऱ्याला चिकटूनच उभा राहतो.

मेलिस रांगेच्या मधे शिरला. "इथे होतो मी."

"छे, आगाय," तिथली विद्यार्थिनी म्हणाली. "इथे आम्ही दोघी एका शालीत होतो."

तो पुढे सरकला. तिथे भूगोलाच्या दोन शिक्षकांनी माना हलवल्या. तो टोकाला गेला. टोकाच्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "माझ्यानंतर कुणीच नव्हतं, बाबा. मी वाऱ्याला शिव्या देत होते, की आडोसा कसा नाही."

"काय एजे, हा पोरखेळ?" मेलिस हसत म्हणाला. "चाळीस माणसांत कुणाला काय आठवणार?"

"एकोणचाळीस जणांना आठवलं, मेलिस. तुझा आवाज सगळ्यांनी ऐकला, पण तुला कुणीच पाहिलं नाही. आगायना सगळ्यांनी पाहिलं, पण त्यांचा आवाज कुणीच ऐकला नाही." दामिराने पॉपलरकडे बोट केलं. "अंगणात एवढी एकच जागा रिकामी आहे. बुरुलने चाळीस माणसं कानाने मोजली आणि एक डोळ्याने. तू एकटाच दोनदा मोजला गेलास. एकदा तुझ्या नावाने, एकदा त्यांच्या कलपाकाने."

सगळ्यांच्या माना पॉपलरकडे वळल्या. पेरिझात पायऱ्यांवर होती, तिने कठड्याला धरलं.

"कलपाक वरच्या खुंटीवर ओला लटकत होता," दामिरा पुढे म्हणाली. "काल धूर निवल्यावर सगळ्यांत आधी वर कोण गेलं? मागच्या जिन्याने नेऊन तूच टांगलास तो. दारावरची फुली बुरुलच्या डोक्याच्या वर आहे, पण तुझ्या नाकासमोर आहे. कडी लावलीस, फुली मारलीस, मागच्या जिन्याने उतरलास, झाडाखाली म्हातारा होऊन उभा राहिलास. मग स्वतःच त्यांना शोधून काढायचं, म्हणजे विसरली ती पेरिझात आणि वाचवणारा तू. शुक्रवारी किल्ली कुणाला मिळाली असती ते उघड आहे."

बुरुल पुढे आली. ही बाई मोठ्याने बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "त्यांचा कलपाक?" ती म्हणाली. "तुमच्या डोक्यावर? त्यांच्या घरी बावीस वर्षं जेवलात तुम्ही. मी वाढलंय तुम्हाला!"

बाकी सगळं मेलिसने पचवलं असतं, हे मात्र त्याला पचलं नाही. त्याचे खांदे पडले. "मला वाटलं दहा मिनिटांत वर सोडतील," तो पुटपुटला. "धूर दारापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. मी त्यांना मारणार होतो का? ते मला वडिलांसारखे... त्यांनी एकदा तरी विचारायला हवं होतं मला. एकदा!"

शाबदान आगायनी त्याला दंडाला धरून नेलं. दामिराजवळून जाताना तो क्षणभर थांबला आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "मला भीती होती ती तुमच्या हाकेची, एजे. पण तुम्ही मारणार नाही अशी खात्रीही होती. आपण एकाच माळेचे मणी."

७

अहवाल साडेअकराला पूर्ण झाला. शाबदान आगायनी तो उभ्याउभ्याच वाचला, आणि शेवटच्या परिच्छेदापाशी ते खुर्चीत बसले.

"हे काय लिहिलंत?"

"जे झालं ते."

"दामिरा एजे, हे कुणालाही माहीत नाही. न दिलेली एक हाक. त्याला कोण गुन्हा म्हणणार? गुन्हेगार सापडलाय. हा परिच्छेद काढा, मी विसरून जातो. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुमच्या."

"गुन्हेगार आत शिरला ते दार मी उघडं ठेवलं होतं, आगाय. जाणूनबुजून. काल तर ते उघडं आहे हे दिसत असूनही मी गप्प उभी राहिले." तिने त्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "माझी माणसं म्हणून एकोणीस वर्षं मी मिरवले. आणि ती माझी राहिली नाहीत म्हणून एकाला धुरात ठेवलं. राहू दे तो परिच्छेद."

शाबदान आगायनी तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी त्यावर शिक्का मारला. चौकशीचं काम तिच्याकडून काढून घेण्याचा आदेश त्याच दुपारी निघाला. उरलेली चार वर्षं तिला खालच्या कोठारात काढायची होती.

पेरिझात तिला तिथेच भेटायला आली. तिच्या हातात अहवालाची प्रत होती आणि काखेत ती चाळीस पानांची फाइल. ती आत आली नाही, दारातच उभी राहिली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "काही राहिलंय का म्हणून. तुम्ही म्हणालात, फाइल पूर्ण आहे."

"म्हणाले."

"मी रात्रभर विचार करत होते की माझं कुठे चुकलं. मला वाटलं, मी एका माणसाला मारलं."

 माफी मागायला दामिराने तोंड उघडलं, पण पेरिझातने हात वर केला.

"नको, एजे. मी आत्ता माफ करणार नाही, उगीच खोटं कशाला बोलू? पुढे कधी करीन का, तेही सांगता येत नाही." तिने आत येऊन एका खोक्यावरची धूळ फुंकली, त्यावर बसली आणि फाइल मांडीवर उघडली. "पण वसंतात पुन्हा सराव आहे. यात नाही असं आणखी काय काय आहे?"

 दामिराला खोटं बोलायला अजूनही वाव होता, आणि मनाच्या तळाशी कुणीतरी तेही सुचवून पाहिलं.

"अकरा गोष्टी," ती म्हणाली.

"सांगा."

"तळमजल्यावरची स्वयंपाकीण मागचं दार आतून बांधून ठेवते, कुत्री येतात म्हणून. तिला रागावून उपयोग नाही. घंटेच्या आधी कुणालातरी तिच्याकडे चहाला पाठवायचं. दुसऱ्या मजल्यावरचे गणिताचे आगाय आपलं काम हातात न घेता उठत नाहीत, त्यांना आधीच एक पिशवी देऊन ठेवायची..."

पेरिझात लिहीत होती. भराभर, सरळ ओळींत, खाडाखोड न करता. तिचं अक्षरही सुंदर होतं. दामिराला ते बघवेना. तिने डोळे दुसरीकडे वळवले आणि तिसरी गोष्ट सांगायला घेतली.